ज्याची पाटी त्यानंच काढायची

आधीच सांगते, मला समजवायला कोणी येऊ नका. आई येऊन गेली, मावशीचा फोन येऊन गेला, आल्हादनंसुद्धा "जाऊ दे गं" म्हणून बघितलं. नाही जाऊ देणार. माझा राग आहे, माझ्याजवळ राहू दे. आमच्या घरात रागाला मान आहे, आणि तो मान बाबांनीच शिकवलाय.

बाबा म्हणजे शामसुंदर. उभी नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात, मशीन दुरुस्तीच्या खात्यात. जेल रोडवरून कंपनीच्या बसनं जायचे, बसनं यायचे. तिथं एक नियम होता. मशीन बंद करून कोणी आत हात घातला, की त्यानं मेन स्विचवर लाल पाटी लटकवायची. पत्र्याची, तळहाताएवढी. 'काम चालू आहे. हात लावू नये.' आणि खाली खडूनं स्वतःचं नाव. ज्यानं लावली त्यानंच काढायची. साहेब आला, मालक आला, मालकाचा बाप आला, तरी पाटीला हात लावायचा नाही.

रिटायर होताना लोक घड्याळ आणतात, शाल आणतात. आमच्या बाबांनी दोन लाल पाट्या आणल्या. मिक्सर उघडला, लाव पाटी. पाण्याची मोटर उघडली, लाव पाटी. एकदा डिसेंबरात गिझरला पाटी लावली आणि अर्धं काम टाकून भाच्याच्या लग्नाला पुण्याला निघून गेले. नाशिकची डिसेंबरची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. आई आणि मी बाबा परत येईपर्यंत गार पाण्यानं आंघोळ केली. गिझर तसा चालला असता, नुसतं बटण दाबायचं होतं. पण पाटी होती ना! आम्ही कुडकुडलो, पण पाटीला हात लावला नाही.

का, तेही सांगते. बाबांचा उजवा हात कोपरापासून नीट वळत नाही. आत सळई आहे. त्याच खात्यात कारभारीकाका होते, सिन्नरकडचे. दोघांची एवढी दोस्ती की एका डब्यात जेवायचे. एकदा बाबा मशीनमध्ये हात घालून बसलेले, पाटी लावलेली. वरून मालाची घाई. काकांना वाटलं, शाम चहाला गेलाय आणि पाटी काढायला विसरलाय. त्यांनी पाटी काढली आणि बटण दाबलं. पुढचं मी सांगत नाही.

हात वाचला. दोस्ती नाही वाचली. काका दवाखान्यात येऊन ढसाढसा रडले म्हणे, पायाला हात लावायला निघाले. बाबा एक शब्द वाईट बोलले नाहीत. फक्त त्या दिवसापासून त्यांनी काकांच्या हातून काही घेतलं नाही. दर दसऱ्याला काका आमच्याकडे सोनं द्यायला येतात. आपट्याची पानं पुढे करतात. बाबा मान वर न करता म्हणतात, "टेबलावर ठेव." काका ठेवतात, चहा पितात, आईची चौकशी करतात आणि जातात. लहानपणी मला वाटायचं, सोनं द्यायची हीच पद्धत आहे. शेजारच्या आजोबांनी मला सोनं दिलं तेव्हा मीही त्यांना टेबल दाखवलं होतं.

आता माझं. मी संपदा, फोटो काढते. म्हणजे बारसं, मुंज, डोहाळजेवण, द्राक्षांच्या पेट्यांचे फोटो, जे मिळेल ते. बाबांच्या लेखी हे काम नाही. "दिवसभर ते खेळणं घेऊन हिंडते," असं ते पाहुण्यांना सांगायचे. माझ्यासमोर. मी पोटापुरतं कमावत होते, घरात देत होते, तरी खेळणंच.

आणि मग या सप्टेंबरात पुण्याच्या संजनाचा फोन आला. ती माहितीपट बनवणाऱ्या लोकांकडे सगळी जुळवाजुळव बघते. पेठ आणि हरसूलकडच्या डोंगरातले झरे आणि त्यांच्यावर जगणारी गावं, यावर त्यांची फिल्म होती. तीन आठवड्यांचं शूटिंग, आणि दुसऱ्या कॅमेऱ्यावर माणूस हवा होता. माझं काम तिनं कुठेतरी पाहिलं होतं, आणि त्यांचे कॅमेरे ज्या मॉडेलचे होते तेच मॉडेल माझ्याकडे होतं. दसऱ्याला पहाटे गाडी नाशिक रोडवरून मला घेऊन पुढे जाणार होती. बारशाच्या पाळण्यांतून बाहेर पडायची ही पहिली संधी. मला ती किती हवी होती हे मी कोणाला सांगितलं नाही, दृष्ट लागेल म्हणून. लागायची ती लागलीच.

नवमीच्या सकाळी संजनाचा मेसेज आला, की सगळ्या कॅमेऱ्यांचं फर्मवेअर एकाच नंबरचं पाहिजे, नाहीतर रंगांचा आणि वेळेचा मेळ बसत नाही. माझं जुनं होतं. फर्मवेअर म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटातली अक्कल. बटण दाबलं की काय करायचं हे त्याला ज्यामुळे कळतं, ते. महत्त्वाच्या कामाच्या आदल्या दिवशी अपडेट करू नये हे मला कळतं. आता जो तो मला तेच सांगतोय. अहो, मेसेजच आदल्या दिवशी आला, तर मी काय गेल्या महिन्यात जाऊन करू?

मी सगळं शिस्तीत केलं. बॅटरी पूर्ण चार्ज केली. मेमरी कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलं. फाइल कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घेतली, कुठल्या ग्रुपवर आलेली नाही. मॉडेलचं नाव दोनदा ताडून पाहिलं. कार्डावर कुठल्या फोल्डरात न घालता सरळ वर ठेवली. मग मेनूत जाऊन सुरू केलं. यात काही वेळ असा येतो, की स्क्रीन काळी होते आणि फक्त एक लाल दिवा लुकलुकत राहतो. तेव्हा जुनं पुसून झालेलं असतं आणि नवं पुरतं लिहून झालेलं नसतं. जुनं घर पाडलंय, नवं अर्ध्यावर आलंय, अशी गत. तेव्हा कॅमेरा बंद करायचा नाही, बॅटरीचं दार उघडायचं नाही, कुठलं बटण दाबायचं नाही. नुसतं गप बसायचं.

मी गप बसलेच होते. तेवढ्यात संजनाचा मेसेज आला, की फोन कर. आमच्या हॉलमध्ये रेंज येत नाही, गॅलरीत जावं लागतं. उठताना मनात आलं, की घरात खंडेनवमीची गडबड आहे, कोणी हलवलं-बिलवलं तर? म्हणून मी काय केलं असेल? माळ्यावरच्या पेटीतून बाबांची लाल पाटी काढली. खाली मार्करनं ठसठशीत 'संपदा' लिहिलं. कॅमेऱ्याच्या पट्ट्याला दोऱ्यानं बांधली. या घरात यापेक्षा मोठं कुलूप नाही. तिजोरी उघडी टाकून गेले नसते, पण पाटी लावून बिनघोर गेले.

फोनवर संजनानं सांगितलं, की नाव पक्कं झालंय, गाडीत माझी जागा धरलीय, थंडीचे कपडे घे. मी गॅलरीत उभ्या उभ्या हसत होते. खाली फुलवाल्याकडे झेंडू घ्यायला ही गर्दी. मला ती सगळी माणसं माझीच वाटत होती.

आत आले तर टेबल रिकामं.

हॉलच्या कोपऱ्यात पाट मांडलेला. त्यावर बाबांचे पाने, हातोडी, सूक्ष्म मापाचं ते मायक्रोमीटर, आईची विळी, शिलाई मशीनची कात्री. आणि अगदी मधोमध माझा कॅमेरा. लेन्सच्या झाकणावर हळदीकुंकू, वर झेंडूचं फूल. शेजारी बॅटरी वेगळी काढून ठेवलेली, तिच्यावरही कुंकवाचं बोट. आणि पाटाखाली, नीट सरकवून ठेवलेली, माझी लाल पाटी.

मी आधी कॅमेरा उचलला. बॅटरी घातली, बटण दाबलं. काही नाही. बॅटरी काढून पुन्हा घातली, दुसरी घालून पाहिली, कार्ड काढून पाहिलं. काहीच नाही. दिवासुद्धा लागेना. माझ्या हाताला कुंकू लागलं आणि मला तळपायापासून मस्तकापर्यंत जे काही चढलं ते अजून उतरलेलं नाही.

बाबा घंटा वाजवत होते. मी ती थांबवली.

"पाटी कोणी काढली?"

"मी काढली," बाबा म्हणाले. अगदी शांतपणे, कौतुकाची अपेक्षा असावी तसे. "दिवा चालू होता. बटणानं बंद होईना, म्हणून बॅटरी काढली. चालू यंत्राला कुंकू लावत नाहीत."

बरोबर! कारखान्यात खंडेनवमीला आधी मेन स्विच पाडायचे, मग पूजा. चालत्या मशीनला हळद लावताना बोटं गेलेली माणसं त्यांनी पाहिली होती. म्हणजे माझा कॅमेरा त्यांनी हलगर्जीपणानं नाही मारला. काळजीपूर्वक मारला.

आईनं मध्ये पडून सांगितलं, की अगं, यंदा त्यांनी पहिल्यांदाच स्वतःहून तुझा कॅमेरा पूजेत घेतला, मी म्हटलंसुद्धा नव्हतं. पोरीचंही हत्यार आहे म्हणाले. डोळ्यात पाणी होतं तिच्या. माझ्याही डोळ्यात होतं, पण ते वेगळं.

मी ती पाटी उचलून बाबांपुढे धरली. विचारलं, यावर नाव कोणाचं आहे? गिझरची पाटी काढली असती तर चाललं असतं का? मोटरची? आम्ही गारठून मेलो असतो तरी तुम्ही काढू दिली असती का? ते म्हणाले,

"अगं, पण ती मशीनवर नव्हती. कॅमेऱ्यावर होती."

हे ऐकलंत? कॅमेऱ्यावर होती. म्हणजे पाटी खरी केव्हा? मशीन त्यांचं असेल तेव्हा. माझ्या टेबलावर, माझ्या कामावर, माझ्या नावाची लटकली की ती पोरीची गंमत. खेळण्याला लावलेलं खेळणं. पाटावर मधोमध बसवायचं, फूल वाहायचं, आणि त्यावर लिहिलेलं वाचायचं मात्र नाही. नको मला असली पूजा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मी हे त्यांना तोंडावर म्हटलं. आई "संपदा" म्हणाली, तरी म्हटलं.

आल्हादकडे धावले. तो कॅमेरे दुरुस्त करतो, माझा कॉलेजपासूनचा मित्र. त्यानं उलटसुलट करून पाहिलं आणि मान हलवली. अर्धवट लिहिलं गेलंय, इथं काही होणार नाही, मुंबईला कंपनीच्या सेंटरला पाठवावा लागेल, बहुतेक आतला बोर्डच बदलतील, आणि सणामुळे ते बंद आहे. मग भाड्यानं मिळतो का म्हणून आम्ही दोघांनी नाशिक पालथं घातलं. दसऱ्याला कोणाच्या दुकानाचं उद्घाटन नसतं? सगळे कॅमेरे बाहेर. त्या मॉडेलचा तर एकही नाही.

संध्याकाळी संजनाला फोन केला. ती चांगली बोलली, हेच वाईट. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. म्हणाली की वाईट वाटतंय, पण गाडी थांबवता येणार नाही, दिंडोरीचा एक जण आहे, त्याच्याकडे तेच मॉडेल आहे, त्याला घेते. पुढच्या वेळी नक्की, म्हणाली. पुढची वेळ म्हणजे काय असते ते मला माहीत आहे.

दसऱ्याला पहाटे मला जाग आलीच. बॅग भरलेली तशीच दारात होती. सगळं गाव सीमोल्लंघनाला निघालेलं आणि मी पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. बाबा दोनदा दारापर्यंत येऊन गेले. पावलं ओळखू येतात. आत आले नाहीत आणि मी बोलावलं नाही. माझ्या टेबलावर तो मेलेला कॅमेरा होता. मी कुंकू पुसलं नव्हतं. बघू देत त्यांना, म्हटलं.

संध्याकाळी नवे कपडे घालून बाबा माझ्या खोलीत आले. उजव्या हातात, त्या न वळणाऱ्या हातात, आपट्याची पानं होती. खरं तर मी जाऊन द्यायची, मोठ्यांच्या पाया पडायचं, ही रीत. पण तेच आले. हात पुढे केला आणि उभे राहिले. सॉरी वगैरे शब्द आमच्या घरात कधी आलेला नाही, त्या दिवशीही आला नाही. पण तो हात माझ्यापुढे तसाच धरलेला होता, आणि मला ते दिसत होतं. घेतली असती पानं तर सगळं मिटलं असतं. आईनं गोडाचं केलंच होतं.

मी मान वर केली नाही.

"टेबलावर ठेवा."

माझ्या तोंडून ते कसं गेलं मला माहीत नाही. ठरवलं नव्हतं. इतकी वर्षं कानावर पडलेलं वाक्य, त्याच सुरात आलं. बाबा जागच्या जागी थिजले. मग वाकले आणि पानं कॅमेऱ्याशेजारी ठेवली. सावकाश, आवाज होऊ न देता. लाल पाटी तिथंच पडली होती. ती त्यांनी उचलली, माझं नाव वर येईल अशी फिरवली, आणि दोरा पुन्हा कॅमेऱ्याच्या पट्ट्याला बांधला. त्यांच्या बोटांना गाठ मारायला वेळ लागला. मी मदत केली नाही.

तेवढ्यात बेल वाजली. कारभारीकाकाच असणार, दर वर्षी याच वेळेला येतात. आईनं दार उघडलं. मी खोलीच्या दारातून पाहत होते. काका आता थकलेत, जिना चढून धाप लागली होती. त्यांनी खिशातून पानं काढली, बाबांना नमस्कार केला, आणि कोणी काही म्हणायच्या आत स्वतःच टेबलाकडे वळले. सवयच ती.

बाबांनी त्यांचं मनगट धरलं.

काका घाबरले. खरंच घाबरले, मला चेहरा दिसला. बाबांनी त्यांच्या मुठीतली पानं आपल्या उजव्या हातात घेतली आणि ती धरून तसेच उभे राहिले. काका म्हणाले,

"शाम, लय वर्षं लावली रे."

बाबांनी नुसती मान हलवली आणि माझ्या दाराकडे पाहिलं. मी दार लावून घेतलं.

आई म्हणते, आता तरी पुरे कर, ते बदलले. बदलले असतील. काकांना त्यांनी माफ केलं, चांगलं झालं, मला काकांसाठी आनंद आहे. पण त्यासाठी बाबांना किती वर्षं लागली ते मोजा, आणि मला एका संध्याकाळीत मोकळं व्हायला सांगू नका. दिंडोरीचा तो मुलगा या क्षणी पेठच्या डोंगरात माझ्या जागेवर बसून शूट करतोय.

कॅमेरा मुंबईला गेलाय. पाटी माझ्या टेबलावर आहे, आणि तिच्याशेजारी ती पानं आहेत. वाळून कडक झालीत. काल आई टेबल पुसायला आली तेव्हा पानांकडे तिचा हात गेला, तर बाहेरून बाबांचा आवाज आला, की त्यांना हात लावू नको, ज्याला उचलायची आहेत तोच उचलेल. आईनं फडकं घेतलं आणि ती दुसऱ्या खोलीत गेली.